दोष बल्बचा नव्हे, होल्डरचा

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. खड्डा आला की टेललाइट विझतो, डिकीवर थाप मारली की पेटतो. बल्ब बदलूनही तेच. होल्डरमध्ये चांदीचा कागद कोंबू का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : कागद मुळीच नको, शॉर्ट होऊन फ्यूज उडेल. घाबरण्यासारखं काही नाही. होल्डरच्या तळाची स्प्रिंग दमली असेल, नाहीतर गंजामुळे अर्थ मिळत नसेल. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून होल्डर आतून पॉलिश पेपरने घासा, स्प्रिंग हलकेच ताणा. होल्डरपासून बॉडीला वेगळी अर्थ वायर दिली की जुन्या गाड्यांची निम्मी दुखणी जातात. तरीही बल्ब डुललाच तर होल्डर बदला. २१/५ वॅटच्या दोन फिलामेंटवाल्या बल्बच्या पिना मुद्दाम वर-खाली असतात; उलटा दामटलात तर टेललाइट लावलेला असताना ब्रेकचा प्रखर उजेड कायम पेटलेला राहील.