मुलाला आय. टी. आय.मध्ये घालण्यापूर्वी



बेणे आणायला जातो तेव्हा आपण काय करतो? फडात उतरतो. ऊस किती महिन्यांचा ते विचारतो. कांडी हातात घेऊन डोळा बघतो, एखादी चिरून आत लाल तर पडली नाही ना हेही बघतो. एका पिकासाठी एवढी चौकशी! आणि पोराच्या आयुष्याची दोन वर्षे जिथे पेरायची, ती संस्था मात्र आपण एस. टी.च्या खिडकीतून बघितलेली असते.

हे दुसऱ्याचे सांगत नाही, माझेच सांगतो. थोरल्याला दहावीत बेताचे गुण पडले. घरची जमीन अडीच एकर, वाटणीला दोन भावंडे. म्हटले, हाताला काही कला असू द्या. एका संस्थेत टर्नरची जागा मिळाली. मी बघायला गेलो तो पंधरा ऑगस्टला. झेंडावंदन झालेले, भिंतींना नवा चुना, लेथ मशिनी आरशासारख्या चकचकीत. मी खूश होऊन घरी आलो. दोन वर्षांनी पोरगा प्रमाणपत्र घेऊन एका कारखान्यात मुलाखतीला गेला. तिथल्या फोरमनने त्याच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि तुकडा मोजायला सांगितले. त्याला तो धरताच येईना. घरी आल्यावर म्हणाला, "आबा, आम्हाला मशिनीला हात लावायला कधी मिळालाच नाही." तेव्हा माझ्या ध्यानात आले, की त्या मशिनी चकचकीत होत्या कारण त्या चालतच नव्हत्या.

चूक संस्थेची होती, तशी माझीही होती. म्हणून धाकटीच्या वेळी जे शिकलो ते या पाठात मांडतो.

आधी थोडी माहिती. आय. टी. आय. म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली. प्रवरेला राज्यातला शेतकऱ्यांचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही त्याच सुमारास. आपल्या राज्यात या संस्था व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहेत. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट हे व्यवसाय दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, प्लंबर एक वर्षाचे. सरकारी संस्थेत खर्च कमी असतो हे खरे, पण पोराचे वय काही फुकट येत नाही.

आता संस्था कशी पारखायची ते क्रमाने पाहू.

१) संलग्नता विचारा. संस्था सरकारी आहे एवढ्यावर थांबू नका. आपल्याला हवा त्या व्यवसायाच्या, त्याच तुकडीला राष्ट्रीय संलग्नता आहे का, असा नेमका प्रश्न करा. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळणार की राज्याचे, हे लेखी बघा. राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालते. लोक त्याला अजून 'एनसीव्हीटी'चे म्हणतात. या क्षेत्रावर देखरेख करण्यासाठी २०१८ मध्ये 'एनसीव्हीईटी' ही नवी परिषद स्थापन झाली आहे.

२) मुले मोजा, चालू यंत्रे मोजा. हा सगळ्यांत मोठा मुद्दा. सणावारी जाऊ नका, कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनसारख्या व्यवसायांत एका तुकडीत साधारण वीस मुले असतात. २०२२ नंतरच्या अभ्यासक्रमात वर्षाचे १२०० तास धरले आहेत आणि त्यांतले ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. म्हणजे शंभरातले सत्तर तास हाताने करायचे काम.

आता हिशेब करा. वीस मुले आणि चालू लेथ चार, तर एका लेथवर पाच जण. तासाला एकाच्या वाट्याला बारा मिनिटे. चारांतल्या दोन बंद असतील तर दहा जणांत एक लेथ, म्हणजे सहा मिनिटे. सगळे प्रात्यक्षिक लेथवरच झाले असे धरले तरी ८४० तासांतले ८४ तासच त्याच्या पदरात पडले. बाकी वेळ तो नुसता उभा राहून बघणार. काट्यावर ऊस शंभर टन दाखवला आणि साखर दहा टनांऐवजी पाच टनच निघाली, तर आपण उतारा का पडला म्हणून विचारतोच ना? तसेच इथेही विचारा.

यंत्र किती आहेत ते फलकावर लिहिलेले असते, पण चालतात किती ते जमिनीवर दिसते. लेथखाली लोखंडाचा कीस पडलेला असावा, तेलाचा वास यावा, मुलांचे हात काळे असावेत. स्वच्छता हवीच; पण कार्यशाळेची आणि देवळाची स्वच्छता एक नव्हे.

३) निदेशक आहेत का ते बघा. इमारत शिकवत नाही, माणूस शिकवतो. या तुकडीला स्वतंत्र निदेशक आहे, की एकच माणूस दोन तुकड्या सांभाळतो? जागा रिकामी असेल तर किती दिवसांपासून? तासिकेवर आलेला निदेशकही चांगला असू शकतो, पण तो वर्षभर टिकतो का हे मुलांना विचारा. मुले खरे सांगतात.

४) जॉबची वही मागा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाची प्रात्यक्षिकाची वही चाळा. किती जॉब झाले, मापे घातली आहेत का, निदेशकाची सही त्या त्या तारखेला आहे की एकाच शाईने शेवटी एकदम केलेली आहे? मग त्याने केलेला जॉब प्रत्यक्ष दाखवायला सांगा. वेल्डरच्या मुलांना वेल्डिंग रॉड पुरतात का, फिटरला लोखंड वेळेवर येते का, हेही विचारा. माल नसेल तर शिक्षण फळ्यावरच होते.

५) जिवाची काळजी. वेल्डिंग करणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडावर ढाल आहे का? पायात बूट, डोळ्यांना चष्मा? विजेच्या बोर्डाला अर्थिंग आहे का? जिथे शिकतानाच हयगय होते, तिथे पोरगा हयगयच शिकतो.

६) मागच्या तुकडीचे काय झाले? प्राचार्यांना नम्रपणे विचारा. "नोकऱ्या लागतात" एवढ्या उत्तरावर उठू नका. आपल्याच गटातली, तिथून पास झालेली तीन-चार मुले शोधा आणि त्यांच्या घरी जाऊन चहा घ्या. संस्थेच्या माहितीपत्रकापेक्षा तो चहा जास्त सांगतो.

७) पुढची वाट. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्याप्रमाणे कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून काम करताना विद्यावेतन मिळते. तीस किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा नियम आहे. मात्र उमेदवारी संपली की तिथेच कायम नोकरी लागेल, असे कायदा म्हणत नाही. हे मुलालाही आधीच सांगा. शिवाय नव्या अभ्यासक्रमात वर्षाला १५० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी अनुभव किंवा गट-प्रकल्प ठेवला आहे. त्यासाठी मुलांना कुठे पाठवतात, तेही विचारा.

व्यवसाय निवडताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ऑनलाइन अर्जात विकल्पांचा क्रम भरावा लागतो आणि गुणवत्तेप्रमाणे त्या क्रमानेच जागा मिळते. म्हणून अर्ज भरण्याआधी संस्था बघा. सेतूवाल्या पोराने भरेल तो क्रम, असे नको. दोन, मुलाला विचारा. ज्याला घरची मोटर उघडून बघायची खोड आहे, त्याला जबरदस्तीने दुसरीकडे ढकलू नका.

सगळ्यांनाच आपल्या साखर कारखान्यात काम मिळेल हे शक्य नाही, आणि तसा भरवसा कुणी देऊ नये, कुणी घेऊही नये. पण चांगला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन गावातही उपाशी राहत नाही. पंप, ठिबक, ट्रॅक्टर, आता ऊसतोडणी यंत्रे. दुरुस्तीला माणूस सापडत नाही म्हणून आपलेच काम दोन-दोन दिवस अडते.

आणि मुलींनाही विसरू नका. सरकारी संस्थांत त्यांच्यासाठी ३० टक्के जागा राखीव असतात. माझ्या धाकटीने इलेक्ट्रिशियन घेतले. तीन संस्था बघितल्या. जी घेतली तिची इमारत तिन्हीत जुनी, पण चालू पॅनेलवर मुले काम करत होती. आता ती शिकाऊ उमेदवार आहे. परवा घरच्या मोटरचा स्टार्टर तिनेच उघडला. थोरला बॅटरी धरून शेजारी उभा होता. त्याच्याकडे बघून मला काय वाटले ते लिहीत नाही.

या पाठाचा अभ्यास असा: वहीच्या एका पानावर वरचे सात मुद्दे लिहा. मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन निदान दोन संस्थांत कामाच्या दिवशी जा, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे बघितलेले लिहा, ऐकलेले नको. ते पान गटातल्या दुसऱ्या पालकालाही दाखवा. आणि आपल्या कारखान्याने या वर्षी किती शिकाऊ उमेदवार घेतले, हा प्रश्न येत्या वार्षिक सभेत विचारायला संकोच करू नका. कारखाना आपला आहे, पोरेही आपलीच आहेत.