बांडगुळाखालचे हळदीकुंकू

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली नीलवंतास राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे हे देशातील पहिलेच राज्य ठरले, ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि ज्याच्या पदरी आठवड्यातून रविवारची एक सकाळच काय ती आहे, अशा भटक्याने आपला अभ्यास हळदीकुंकू नावाच्या फुलपाखरापासून सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते दुर्मीळ नाही, शहरातल्या बागेतही येते. परंतु बहुतेकांनी ते पाहिलेले असते ते डोक्यावरून संथपणे तरंगत जाणाऱ्या पांढुरक्या ठिपक्याच्या रूपात, आणि म्हणूनच ते पाहूनही पाहायचे राहून जाते.

मौजे जासई, तालुका उरण, जिल्हा रायगड, हे गाव मी या कामी मुद्दाम सुचवितो. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचे हे गाव. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात या टापूतील पाच जण हुतात्मा झाले, हे ठाऊक असलेल्या माणसाचे पाऊल इथल्या मातीवर थोडे जपूनच पडते. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकल थेट उरणपर्यंत जाऊ लागली आणि त्याच दिवशी शिवडी ते चिर्ले हा सुमारे बावीस किलोमीटरांचा अटल सेतूही उद्घाटित झाला, त्यामुळे मुंबईकराला इथे येणे आता जिकिरीचे राहिलेले नाही. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची वर्दळ मागे टाकून परसातल्या आणि टेकडीच्या पायथ्याच्या आंब्यांकडे वळावे, आणि वळताच मान वर करावी.

मान वर करावी ती फुलपाखरासाठी नव्हे, तर बांडगुळासाठी. आंब्याच्या फांदीवर पानांचा वेगळाच, जाडसर, राखी झाक असलेला झुपका दिसला आणि त्यातून नारिंगी नळीसारखी फुले डोकावत असली, की आपण योग्य झाडाखाली उभे आहोत असे समजावे. बागाईतदार ज्याला झाडाचा रस शोषणारा चोर म्हणतो, आणि त्याच्या बाजूने पाहता ते खोटेही नाही, तेच बांडगूळ हळदीकुंकवाच्या सुरवंटांचे अन्न आहे. मादी त्याच्याच पानांवर अंडी घालते. शिंजीर पक्षी मधासाठी तिथे येतो, फुलटोच्या फळे खाऊन त्यांचे चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसून जातो, आणि अशा रीतीने एका आंब्यावरचा हा संसार शेजारच्या आंब्यावर पसरतो. ज्याने झाड ओळखले, त्याला फुलपाखरामागे धावावे लागत नाही. ते आपल्या पायांनी नव्हे तरी आपल्या पंखांनी त्याच्याकडे येते.

आले म्हणजे पंख मिटून बसेल, आणि तोच पाहण्याचा क्षण. वरची बाजू पांढरी, काळ्या शिरांची. मादीची काळी किनार नरापेक्षा रुंद. पण सारे वैभव आहे ते खालच्या अंगाला: मागच्या पंखाचे क्षेत्र पिवळेधमक, त्यावर काळ्या शिरांनी आखलेली चौकट, आणि किनारीलगतच्या प्रत्येक घरात एकेक तांबडा ठिपका, जणू हळदीच्या ताटात बोटाने कुंकू टेकवून ठेवावे. इंग्लंडच्या ड्रू ड्रुरीने १७७३ साली या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन केले; पण नाव आमच्या मराठीतलेच अधिक चपखल आहे. हा रंग केवळ शोभेचा नाही. बांडगुळातून आलेली कडू द्रव्ये अंगात असल्याने पक्षी याला टाळतात, आणि ही सूचना उंच फांदीवर बसल्याबसल्या खालूनही वाचता यावी म्हणूनच की काय ती पंखांच्या खालच्या बाजूस लिहिलेली आहे. त्याच्या उडण्यातली निर्धास्त मंदगती याच कारणाने आहे.

छायाचित्रासाठी आश्विन ते माघ हा काळ आणि सकाळी आठ ते दहा ही वेळ उत्तम. शेंड्यावरच्या फुलपाखराचे चित्र घेण्याचा हट्ट धरू नये. मध पिण्यासाठी ते घाणेरीच्या फुलांवर खाली उतरते, तिथे आधीच जाऊन बसावे. ३०० मिलिमीटरची लेन्स असल्यास फार जवळ जाण्याचे कारण पडत नाही. मोबाईल असल्यास झूम न वाढविता, हातभर अंतर राहीपर्यंत, बसकण मारीत सरकावे आणि आपली सावली त्याच्यावर पडणार नाही एवढी खबरदारी घ्यावी. कॅमेऱ्याची पाठ मिटलेल्या पंखांना समांतर धरावी, म्हणजे डोळ्यापासून किनारीपर्यंत सर्व स्पष्ट येते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा मंद ठेवू नये. नवख्यांची चूक एकच होते: उन्हात हा पिवळा रंग जळून त्याचा सपाट डाग होतो. यासाठी एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपपर्यंत उतरवावे, मग शिरांमधली हळदीची पूड जशीच्या तशी उमटते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, हाताला लागेल इतक्या खालच्या बांडगुळावर, मी एका पानाच्या कडेला ओळीने बसून एकदिलाने कुरतडणारे पिवळसर, केसाळ, काळ्या डोक्याचे दहा-बारा सुरवंट पाहिले. माझा खांदा फांदीला जरा लागला, तसे त्यांतले चार रेशमी धाग्यावरून टपटप खाली लोंबकळले. मी तीन पावले मागे सरलो आणि ते परत वर चढेपर्यंत कॅमेरा खालीच ठेवला. वाडीच्या मालकाला विचारूनच आत शिरलो होतो. तो कोयता घेऊन तेच बांडगूळ छाटावयास आला होता. "दादा, एवढी एक फांदी पंधरा-वीस दिवस राहू द्याल का?" असे मी म्हणालो, आणि सुरवंट दाखविले. त्याने बराच वेळ पाहिले, मग कोयता घेऊन तो बाकीच्या फांद्यांकडे वळला.