नुसत्या कागदाने काय होतं?

दोन सरकारांनी मिळून जाहीरनामा काढला की मेसमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं, 'नुसत्या कागदाने काय होतं?' मित्रांनो, त्यासाठी उत्तर आयर्लंडचं उदाहरण बघू या.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे हिंसाचार पेटला. तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसं गेली. बहुतेक कॅथलिकांना आयर्लंडमध्ये सामील व्हायचं होतं, तर बहुतेक प्रोटेस्टंटांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं. भीती मात्र दोघांची सारखीच, आपल्याला न विचारता आपला निकाल लागेल.

१५ डिसेंबर १९९३ ला ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर आणि आयर्लंडचे पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी लंडनमध्ये 'डाउनिंग स्ट्रीट जाहीरनामा' प्रसिद्ध केला. त्यातले मुख्य मुद्दे असे:

१) ब्रिटन म्हणालं, इथे आमचा लष्करी किंवा आर्थिक स्वार्थ नाही. दोन्ही भागांतल्या लोकांनी ठरवलं तर एकीकरणाच्या आड येणार नाही.

२) आयर्लंडने मान्य केलं, की उत्तरेतल्या बहुमताच्या संमतीशिवाय एकीकरण नाही.

३) हिंसा कायमची सोडणाऱ्या पक्षांना चर्चेचं दार उघडं.

आता बघा, यात सीमा इंचभरही हलली नाही की एक बंदूक खाली ठेवली गेली नाही. मग मिळालं काय? एकट्या ब्रिटनने हे म्हटलं असतं तर कॅथलिकांना पटलं नसतं, एकट्या आयर्लंडने म्हटलं असतं तर प्रोटेस्टंटांना. मजकूर एकच असल्यामुळे घरी जाऊन वेगळा अर्थ सांगणं दोघांनाही अवघड झालं.

ऑगस्ट १९९४ मध्ये आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली, ऑक्टोबरमध्ये विरुद्ध बाजूच्या सशस्त्र गटांनीही. फेब्रुवारी १९९६ मध्ये आयआरएने ती मोडून लंडनमध्ये बॉम्ब फोडला, दोघांचा जीव गेला. वरची भिंत पडली, पण पाया शाबूत होता. जुलै १९९७ मध्ये शस्त्रसंधी परत आली. १० एप्रिल १९९८ च्या 'गुड फ्रायडे' करारात तेच संमतीचं तत्त्व आलं आणि मे महिन्यातल्या सार्वमतात उत्तरेतल्या ७१ टक्के मतदारांनी कराराला होकार दिला.

म्हणून असा जाहीरनामा हाती आला की मी एकच गोष्ट शोधते. आपल्याच माणसांना न आवडणारं असं प्रत्येक सरकारने काय कबूल केलंय? तसं एकही वाक्य नसेल, तर मेसमधला मित्र म्हणतो ते बरोबर, तो नुसता कागद!