कावळा शिवण्याआधी

(द्वितीय वर्ष कला)

दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंड ठेवला की जमलेली मंडळी कावळ्याची वाट पाहू लागतात. कावळा लवकर शिवला नाही, तर एकेक जण पुढे होऊन मृताला शब्द देतो. ‘धाकटीचं लग्न आम्ही लावू’, ‘आईला अंतर देणार नाही’, ‘विहिरीचा वाटा मोडणार नाही’. गेलेल्या माणसाच्या मनात काय राहून गेले, हे शोधण्याचा इतका मनापासून प्रयत्न आपला समाज करतो. पण तोच माणूस अंथरुणावर असताना, त्याला बोलता येत असताना, ‘तुमचा शेवट कुठे व कसा व्हावा असे वाटते?’ हे विचारणे मात्र अभद्र समजले जाते. या विसंगतीचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मरणाची तजवीज आपल्याला ठाऊक नाही असे मुळीच नाही. माझ्या आजीच्या ट्रंकेत गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू आहे, कोरे लुगडे आहे आणि ‘माझ्या खर्चाला कुणापुढं हात पसरू नका’ म्हणून बाजूला ठेवलेले पैसे आहेत. ही सारी तयारी शेवटच्या श्वासानंतरची आहे. त्याआधीचे जे दिवस असतात, त्यांची तयारी पूर्वी करावीच लागत नसे. माणूस घरी पडे, चार दिवसांत आटोपे, तोंडात तुळशीपत्र पडे. आता नाकातोंडात नळ्या घालून, यंत्राने श्वास देऊन ते दिवस आठवडे-महिने लांबवता येतात. रूढीजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही, कारण रूढीला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

‘इच्छामरण’ हा शब्द मात्र आपल्या कानांना परका नाही. शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म कीर्तनातून घरोघर पोहोचलेले आहेत. फेब्रुवारी १९६६ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अन्न व औषध वर्ज्य केले आणि २६ तारखेला देह ठेवला. आत्महत्या व आत्मार्पण यांत फरक आहे असे प्रतिपादन करणारा लेख त्यांनी त्यापूर्वीच लिहिला होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न व औषध नाकारले. १५ तारखेला ते गेले. अशा थोरांपुढे आपण हात जोडतो. पण शेजारच्या घरातला म्हातारा ‘आता सुई नको’ म्हणाला, तर तो हट्टी ठरतो आणि त्याचे ऐकणारा मुलगा कसाई ठरतो. संताला जो अधिकार आपण बिनतक्रार देतो तो शेतकऱ्याला का देत नाही, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला तो एका दुर्दैवी प्रकरणामुळे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ला झाला व मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांना जगवणारे उपाय थांबवावेत, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. सर्वोच्च न्यायालयाने ती ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. ज्या परिचारिकांनी इतकी वर्षे त्यांना सांभाळले त्यांचेच मत न्यायालयाने मोलाचे मानले. १८ मे २०१५ रोजी अरुणाताईंचे निधन झाले. दोन्ही बाजूंना त्यांच्याविषयी कळवळा होता यात शंका नाही. परंतु त्यांना स्वतःला काय हवे होते हे कोणालाच सांगता येईना. पंचविशीतल्या मुलीला कोण असले प्रश्न विचारतो?

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला, की सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सज्ञान व सुबुद्ध माणसाला, बरे होण्याची आशा नसेल तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवता येते. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. इंजेक्शन देऊन मारण्याची परवानगी आपल्या देशात नाही. निसर्गक्रमाने येणारे मरण यंत्राने अडवून धरू नये, एवढेच यात आहे. २०१८ च्या अटी इतक्या किचकट होत्या, की हा हक्क कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने त्या सैल केल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित केला की पुरते. आपल्याला बोलता येईनासे झाल्यावर कोणी निर्णय घ्यावा, त्या माणसांची नावे त्यात घालायची. पुढे वेळ आलीच, तर डॉक्टरांची दोन मंडळे तपासून मत देतात.

तरीही असा कागद करणारे विरळा. गावाकडे वडीलधाऱ्यांशी बोलले, तेव्हा पहिले उत्तर बहुधा ‘शुभ बोल गं’ असेच आले. पण जरा बसून बोलल्यावर खरी भीती बाहेर येते. ‘बापाला दवाखान्यातून घरी आणला, तर लोक म्हणतील पैशासाठी मारला.’ एका विधवा बाईंनी तर स्पष्ट सांगितले, ‘असा कागद केला न् पोरांनी तो आधीच काढला तर?’ ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जिथे जमिनीच्या तुकड्यासाठी अंगठे उठवून घेतले गेले, तिथे सहीची भीती वाटणारच. डॉक्टरांची मंडळे त्यासाठीच आहेत. मात्र तालुक्याच्या गावी एवढे तज्ज्ञ जमवायचे कोठून, हा प्रश्न उरतोच.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या चुलत्यांना शहरातील एका रुग्णालयात ठेवले होते. यंत्र लावण्याच्या संमतीचा कागद इंग्रजीत होता. घरात कॉलेजात जाणारी मी एकटी, म्हणून तो माझ्या हातात आला आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी वाचून दाखवला, वडिलांनी सही केली. चुलते वारंवार म्हणत, की मला घरात मरायचंय. पण हे ते म्हणत चुलतीजवळ, आणि चुलती दाराशी उभी होती. तिला कोणी विचारले नाही. १९ दिवसांनी ते तिथेच गेले; दोन म्हशी विकाव्या लागल्या. दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेव्हा त्यांची काही इच्छा उरली नव्हती असे सर्वांनी ठरवून टाकले. चुलती काही बोलली नाही.

उपचार थांबवणे म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे, हा समजही काढून टाकला पाहिजे. वेदना कमी करणे, जखमा धुणे, जवळ बसणे हे चालूच राहते. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून ‘शांती आवेदना सदन’ हेच काम करीत आहे. केरळात तर गावोगावचे स्वयंसेवक अशा रुग्णांच्या घरी जातात. आपल्याकडे खेड्यात अशी सोय नसल्यामुळेच पुष्कळांना दवाखाना किंवा काहीच नाही, असे दोनच मार्ग दिसतात.

हे सारे मी आजीला समजावून सांगितले. तिने विचारले, ‘त्या कागदावर नको ते लिहायचं, का हवं ते?’ कायद्याला प्रामुख्याने ‘नको’ लागते. आजीचे ‘नको’ एका ओळीत संपले: नळ्या नको, यंत्र नको. ‘हवं’ मात्र बरेच आहे. खाट पडवीत हवी, तिथून गोठा दिसायला हवा, दुखले तर गोळी हवी, रात्री दिवा हवा. तेही लिहायला हरकत नसावी, म्हणून मी लिहून घेतले आहे. निर्णय घेणाऱ्या माणसाचे नाव विचारले, तेव्हा माझे वडील समोरच बसले होते. आजीने थोरल्या सुनेचे नाव सांगितले.