कोड आपला, मशीनही आपलंच



क्लायंटच्या साइटची जावास्क्रिप्ट फाइल मिनिफाय करायला एक फुकट साइट सापडली, अशी खबर भाचेबुवांनी परवा मोठ्या खुशीत दिली. कोड पेस्ट करायचा, बटण दाबायचं, बारीक झालेला कोड उचलायचा. बटण दाबल्यावर तो कोड जातो कुठे, हे मात्र त्यांनी पाहिलेलं दिसत नाही. म्हणून हे पत्र.

2025 च्या नोव्हेंबरात वॉचटॉवर या सुरक्षा क्षेत्रातल्या कंपनीने एक प्रकरण बाहेर काढलं. कोड आणि जेसन नीटनेटका करून देणाऱ्या दोन प्रसिद्ध साइटींवर लोकांनी सेव्ह केलेले 80,000 हून जास्त तुकडे तिच्या संशोधकांना सहज गोळा करता आले. त्यात पासवर्ड होते, क्लाउडच्या कीज होत्या. बँकांचा आणि सरकारी खात्यांचा ऐवजही होता. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. ‘सेव्ह’ दाबलं की एक लिंक बनायची आणि अशा ताज्या लिंकांची यादी त्याच साइटींवर उघडी पडलेली असायची.

बरं, मिनिफाय करायला सर्व्हर लागतो तरी कशाला? डग्लस क्रॉकफर्ड यांनी केलेला जेएसमिन हा सी भाषेतला छोटासा प्रोग्राम होता. तो कॉमेंट आणि रिकाम्या जागा काढून टाकायचा, बस्स. 2007 च्या वाययूआय कंप्रेसरला जावा लागायचं, आणि तेवढ्यासाठी जावा बसवायचा कंटाळा येणं साहजिक होतं. मग 2010 मध्ये मिहाई बाझोन यांचं अग्लिफायजेएस आलं. ते खुद्द जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं! म्हणजे जो ब्राउझर साइट दाखवतो, तोच हे कामही करू शकतो. त्याच घराण्यातून 2018 मध्ये टर्सर वेगळं झालं, आणि आज बऱ्याच ठिकाणी तेच राबतं. गो भाषेतलं ईएसबिल्डसुद्धा वेबअसेंब्लीच्या रूपात ब्राउझरमध्ये चालतं.

एखादी साइट ‘सगळं तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं’ म्हणत असेल, तर भाचेबुवांनी तिच्या शब्दावर जाऊ नये. एफ12 दाबावं, नेटवर्क टॅब उघडावा, आधीच्या नोंदी पुसाव्यात आणि दोन ओळींचा फालतू कोड टाकून बटण दाबावं. नवी ओळ उमटली आणि तिच्या पेलोडमध्ये आपलाच कोड दिसला, तर समजायचं काय ते समजावं. पान उघडल्यावर वायफाय बंद करून पाहणं ही दुसरी चाचणी. पण ती अर्धीच आहे: काम मशीनवर झालं एवढंच तिच्यातून कळतं, वायफाय परत लागल्यावर पान काय पाठवेल ते कळत नाही.

त्यापेक्षा स्वतःचंच पान करावं. टर्सरची फाइल उतरवून शेजारी ठेवायची, दोन टेक्स्टबॉक्स, एक बटण. बाकी काम टर्सरच्या मिनिफाय फंक्शनचं. पाचव्या आवृत्तीपासून ते प्रॉमिस परत देतं, तेव्हा अवेट विसरू नये. फाइल मोठी असेल तर काम वेब वर्करकडे द्यावं, नाहीतर टॅब गोठून बसतो.

आता मिळतं काय, तेही पाहू. जेक्वेरीची 3.7.1 ही आवृत्ती मूळची साधारण 285 केबी आहे. मिनिफाय केल्यावर 87 च्या आसपास येते आणि सर्व्हरने जीझिप लावलं की 30 च्या घरात. टर्सर आधी कोडचं व्याकरण सोडवून त्याची झाडासारखी रचना करतं, कधीच न चालणारे भाग छाटतं, फंक्शनच्या आतल्या लांबलचक नावांना एकेका अक्षरावर आणतं. ‘ट्रू’ जाऊन तिथे !0 येतं. (मात्र क्लायंटची फाइल चार केबीची आणि मुखपृष्ठावरचा फोटो तीन एमबीचा असेल, तर आधी फोटोकडे बघावं.)

नावं बदलण्यातच गोम आहे. अँग्युलरजेएसच्या पहिल्या पिढीत फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव वाचूनच त्याला काय पुरवायचं ते ठरायचं. मिनिफायरने ‘डॉलर स्कोप’ या पॅरामीटरचं एकाक्षरी बारसं केलं की लोकल मशीनवर गुण्यागोविंदाने चालणारं अॅप लाइव्ह सर्व्हरवर जाऊन आपटायचं. उपाय सोपा होता: तीच नावं स्ट्रिंग म्हणून अॅरेमध्ये आधी लिहायची, कारण स्ट्रिंगला मिनिफायर हात लावत नाही. फंक्शनच्या किंवा क्लासच्या नावावर विसंबलेला कोड आजही असाच फसतो. टर्सरमध्ये ती नावं राखण्याचे पर्याय आहेत. तेव्हा तपासणी मिनिफाय केलेल्या फाइलवरच करावी.

आणि स्ट्रिंगला हात लागत नाही, म्हणजे कोडमध्ये लिहिलेली एपीआय की जशीच्या तशी राहते. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये महिरपी कंसाचं बटण दाबलं की एका ओळीत कोंबलेला कोड पुन्हा ऐसपैस मांडला जातो. की लपवायला मिनिफाय कामाचं नाही. ती सर्व्हरवरच ठेवावी लागते. दुसऱ्याच्या लायब्ररीवरची परवान्याची कॉमेंटही उडू देऊ नये. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या कॉमेंट टर्सर सहसा राखतं.

राहिला सोर्स मॅप, म्हणजे बारीक कोडची मूळ कोडशी सांगड घालणारी फाइल. चूक शोधताना तो हवाच, पण बऱ्याचदा त्याच्या पोटात ‘सोर्सेस कंटेंट’ नावाखाली मूळ कोड कॉमेंटसकट बसलेला असतो. परक्या साइटवर काही पेस्ट केलं नाही, पण मॅपची फाइल सरसकट अपलोड झाली, तर कोड गेलाच म्हणायचा. अपलोड करण्याआधी भाचेबुवांनी ती एकदा उघडून पाहावी. आणि परवाच्या त्या फाइलमध्ये एखादी की होती का, तेही आजच बघावं. असेल तर क्लायंटला सांगून आधी ती बदलून घ्यावी.

— मामा