दुसरा डोळा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. वितळलेल्या लोखंडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे भट्टीवरच्या कामगाराला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. पण त्याच कामगाराच्या घरातील मुलाचा एक डोळा अधू असला, तर ते वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसरा डोळा सगळे काम निभावून नेत असतो.

या दोषाला मंददृष्टी म्हणतात. लोक त्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. परंतु आळस डोळ्याचा नसतो. तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांतील मोठ्या फरकामुळे एका डोळ्याकडून सदोष चित्र येत राहते आणि मेंदू त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. अशा वेळी नुसता चष्मा पुष्कळदा पुरत नाही. चांगला डोळा झाकून अधू डोळ्याला कामाला लावावे लागते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी हा उपाय १७४३ सालीच सुचवला होता. दोष मध्यम असेल, तर लहान मुलांना रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असे अमेरिकेतील एका अभ्यासात २००३ साली आढळले. शाळेत पट्टी लावून बसायला लाजणाऱ्या मुलाला या चार तासांचे मोल विचारावे!

हे काम ऑप्टोमेट्रिस्टचे, म्हणजे दृष्टिमापनतज्ज्ञाचे. तो शस्त्रक्रिया करत नाही. ती नेत्रशल्यचिकित्सक करतात. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो आणि त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेत जाते. चेन्नईच्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीने असे शिक्षण १९८५ साली सुरू केले. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला आरोग्यसेवेतील स्वतंत्र व्यवसाय म्हणून स्थान दिले. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी प्रवेशाचे नियम त्या त्या संस्थेत आधी पाहून घ्यावेत.

पदवीनंतर काही जण दृष्टि-उपचाराकडे वळतात. वाचताना दोन्ही डोळे जवळच्या अक्षरांवर नीट एकवटत नसतील, तर ओळी दुहेरी दिसतात आणि डोके दुखते. अशा २२१ मुलांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बारा आठवडे केलेला सराव घरी पेन्सिल नाकाजवळ आणण्याच्या व्यायामापेक्षा सरस ठरला. मात्र व्यायामाने सर्वांचाच चष्मा सुटतो, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

गेलेली दृष्टी परत येणारच नसेल, तेव्हा पुनर्वसनाचे काम सुरू होते. येथे तक्त्यावरची किती अक्षरे वाचता आली, एवढ्याने भागत नाही. घरात काय अडते, हे विचारावे लागते. निवृत्त कामगाराला वर्तमानपत्र वाचायचे असते. त्याला दिवा असलेले भिंग दिले जाते आणि ते कागदापासून किती अंतरावर धरायचे, याचा सराव करून घेतला जातो. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावली जाते. स्वयंपाकघरात चहासाठी पांढरा कप आणि दुधासाठी गडद रंगाचा पेला ठेवायला सांगितले जाते, म्हणजे ओतताना भांडे कोठवर भरले ते कळते.