सोसायटीचा राखीव निधी : एक हिशेब

आपल्यापैकी पुष्कळांची कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा, वाडी येथील जुनी घरे सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेली आहेत. भाड्याच्या घराचे कौल फुटले की घरमालकाला सांगता येत असे. फ्लॅटमध्ये मालक आपणच, आणि तेही एकदम चोवीस जण! म्हणून या वेळी सोसायटीच्या वहीतले एक गणित सोडवू. पालकांनीही ते वाचावे. खरे म्हणजे ते त्यांच्यासाठीच अधिक आहे.

समजा, २४ फ्लॅटची इमारत आहे. १५ वर्षांनी लिफ्ट बदलावी लागली आणि खर्च १२,००,००० रुपये आला. म्हणजे दर फ्लॅटमागे ५०,००० रुपये. नोकरी असलेले कुटुंब कसेबसे देईल, पण पेन्शनवर राहणाऱ्या आजी-आजोबांनी एवढी रक्कम एका महिन्यात कुठून आणायची? आणि लिफ्टची खरी गरज त्यांनाच. चार घरांचे पैसे आले नाहीत तरी काम अडते, आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा दवाखान्यात जायचेसुद्धा टाळू लागतात.

आता दुसरी रीत. पहिल्या महिन्यापासून दर फ्लॅटने २५० रुपये राखीव निधीत टाकले. २५० × २४ = ६,००० रुपये महिन्याला, ७२,००० वर्षाला आणि १५ वर्षांत १०,८०,०००. मुदत ठेवीचे व्याज वेगळे. मधल्या काळात लिफ्टची किंमतही वाढते, म्हणून हा २५० चा आकडा दर दोन-तीन वर्षांनी तपासावा लागतो.

एवढे सोपे असून बहुतेक ठिकाणी हे होत नाही, कारण मेंटेनन्स कमी ठेवणारा मंत्री सर्वांना आवडतो. (गुजरातेत सेक्रेटरीला मंत्री म्हणतात, हे बाहेरच्या पाहुण्यांना जरा गमतीचे वाटते.) पण त्याने वाचवलेले काहीच नसते. १४ वर्षे लिफ्ट वापरून, घर विकून गेलेला सभासद एक पैसा न देता सुटतो आणि कालच राहायला आलेला पूर्ण ५०,००० भरतो.

नेहमीचा वाद तळमजल्याचा. "आम्ही लिफ्टमध्ये पाऊलही ठेवत नाही, मग पैसे का?" महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार, लिफ्ट वापरा वा न वापरा, त्या इमारतीतील सर्व सभासदांनी तिच्या देखभालीचा खर्च सारखा वाटून घ्यायचा असतो. आपल्याकडे मात्र गुजरातचा १९६१ चा सहकारी कायदा लागू आहे, म्हणून आपल्या सोसायटीचे पोटनियम (गुजरातीत पेटा-नियम) काढून वाचावेत. त्यांत स्पष्टता नसेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्यावा, आणि तोही लिफ्ट चालू असताना. बंद पडल्यावर कोणी शांतपणे बोलत नाही.

निधीचे खाते रोजच्या खर्चापासून वेगळे हवे. सह्या दोघांच्या, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत. शिल्लक किती, ते दर तिमाहीला नोटीस बोर्डावर लावावे. थकबाकीदारांची नावे लावण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. आपले पैसे दिसले की लोक भरतात.

हे काही आपल्याला परके नाही. याच वडोदऱ्यात १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. देशातील पहिला सहकारी पतसंस्था कायदा त्यानंतर १५ वर्षांनी, १९०४ मध्ये आला.

आता घरी सोडवा : ३२ फ्लॅटच्या सोसायटीला ८ वर्षांनी पाण्याच्या टाक्या दुरुस्त करायला ४,८०,००० रुपये लागणार आहेत. व्याज सोडून दर फ्लॅटने दरमहा किती भरावे? उत्तर आले की आपल्या स्वतःच्या सोसायटीचा राखीव निधी किती आहे, ते आई-बाबांना विचारा.